रविराज इथं राहत नाही

फोन आला तेव्हा राजनंदिनी लेकीला, ज्ञानूला, भरवत होती. तिनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि पडद्यावर नवऱ्याचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, डोक्यावर लोकरीची टोपी. इकडे वस्तीवर भर दुपार, तिकडे न्यूझीलंडला दिवस मावळून गेलेला.

"जेवलात का?" तिनं विचारलं.

"जेवण कुठं पळून चाललंय. नंदिनी, पोलीस आले तेव्हा तू घरी नव्हतीस का?"

"पोलीस कुठं आलेत अजून? मी रोज वाटेकडं डोळे लावून बसलीय."

रविराजनं टोपी मागं सरकवली. मग पाठ केल्यासारखं म्हणाला, "रविराज मच्छिंद्र तुवर दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. घरच्यांचा त्याच्याशी संबंध नाही. शेजाऱ्यांना त्याचा ठावठिकाणा माहीत नाही. असा रिपोर्ट गेलाय आपल्या गावातून. दूतावासातल्या बाईंनी आज सांगितलं."

ज्ञानूनं वरणाचं बोट पडद्यावर फिरवलं, नेमकं बापाच्या कपाळावर. एरवी तो हसला असता.

"कोणी लिहिलं असलं?" राजनंदिनी म्हणाली.

"तेच मी तुला विचारतोय."

गोष्ट अशी होती. रविराज डेअरीचा डिप्लोमा करून न्यूझीलंडला एका गोठ्यावर कामाला गेला, तेव्हा ज्ञानू पोटात होती. दोन वर्षं सगळं बरं चाललं. मग त्याच्या मालकानं गाई विकल्या, जमीन विकली आणि तो मुलीकडं शहरात राहायला गेला. रविराजला शेजारच्याच एका गोठ्यावर दुसरं काम मिळालं, पहिल्यापेक्षा चांगलं. पण तिकडच्या त्या व्हिसावर मालकाचं नाव असतं. मालक बदलला की व्हिसा नवा काढायचा. जुना तर होळीच्या सुमारासच संपला होता. नव्याचा अर्ज वेळेत गेला म्हणून त्याला देशात राहायची परवानगी होती, पण नव्या मालकाकडं काम करायची नव्हती. केरळच्या एका मित्राच्या खोलीवर तो दिवसभर बसून असायचा, मित्रासाठी भात शिजवायचा. सगळी कागदं पोचली होती. अडलं होतं ते एकाच दाखल्यावर. या माणसावर त्याच्या देशात काही गुन्हा नाही, हा पोलिसांचा दाखला. दूतावासानं पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसला विचारलं, पुण्यानं नगरच्या पोलिसांना, नगरनं तालुक्याच्या ठाण्याला. आणि ठाण्यातला एक माणूस मोटरसायकलवर बसून वस्तीवर येणार होता. एवढ्या लांबलचक साखळीचं शेवटचं टोक त्यांच्या ओट्यावर येऊन टेकणार होतं.

नवा मालक भला होता, पण त्याच्या गाई जुलैत व्यायला लागत. आपल्याकडं एक आज व्याली तर दुसरी दिवाळीत, तसं तिकडं नसतं. सगळा कळप एकदमच. तोवर थांबतो, पुढं मला दुसरा माणूस बघावा लागेल, असं त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. आणि या कामाबरोबर राहायला घर होतं. बायको-मुलीला आणता येईल असे कागद होते. रविराजनं ज्ञानूला अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

फोन ठेवून राजनंदिनी पडवीत आली. सासूबाई, झुंबरबाई, सूप पुढं घेऊन बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या.

"आत्याबाई, मी अकोल्याला बारशाला गेले होते ना, तेव्हा कोणी आलं होतं का?"

"आल्ता की, पोलीस," झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या. "फटफटीवर. म्हनलं, तुला सांगून उगा जिवाला घोर कशाला."

"काय विचारलं त्यानं?"

"काय इचारत्यात ते. रविराज तुवर हितं राहतो का." त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "म्यां सांगितलं, न्हाई राहत. लई वर्सं झाली. आमचा त्याचा काय संबंध न्हाई. असा लावला वाटंला. पानीसुदिक इचारलं न्हाई."

त्या आवाजात चक्क समाधान होतं. राजनंदिनी त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आणि त्यानं ऐकलं?"

"लई चिवट. शेजारी चला म्हनला. गहिनीनाथ भावजी हुतेच गोठ्यात. त्येंनी तर पार कामच केलं. म्हनले, त्यो पोरगा समद्यांशी भांडून गेला, कुटं गेला ते देवालाच ठाव."

"आत्याबाई, मी सांगितलं होतं ना, पासपोर्टच्या कामाला साहेब येतील म्हणून."

"साहेब म्हनली हुतीस. साहेब कुटं आला? पोलीस आला."

 पोलीस म्हटलं तर म्हातारी धास्तावेल म्हणून राजनंदिनीनंच साहेब म्हटलं होतं. झुंबरबाई बिचाऱ्या पँट-शर्टातल्या, हातात बॅग घेतलेल्या माणसाची वाट बघत राहिल्या आणि खाकीतला माणूस दिसताच त्यांनी वस्तीचा नेम पाळला.

तो नेम जुना होता. एका टंचाईच्या साली पाटाला पाणी सुटलं आणि ते उपसायच्या मोटारींवरून भांडण पेटलं. रविराजच्या वडिलांना, मच्छिंद्र तुवरांना, दोन प्रश्न विचारायचेत म्हणून पोलीस जेवणावरून उठवून घेऊन गेले. ते दुसऱ्या दिवशी परत आले. काय झालं ते त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, पण पुढं ते कोणासमोर जेवायला बसले नाहीत. ताट घेऊन गोठ्यात जायचे. तेव्हापासून वस्तीवर ठरून गेलं. वाटेवर खाकी दिसली की घरात गडीमाणूस नाही म्हणायचं. पोरांनासुद्धा हे बोलायला लागतानाच शिकवलं जाई. एकदा तर गहिनीनाथ तात्यांनी पोस्टमनलाच, मच्छिंद्र इथं राहत नाही म्हणून परत लावलं होतं.

संध्याकाळी तात्या चहाला आले. नात्यानं रविराजचे चुलते, शेजारीच राहायचे. झालेला घोटाळा ऐकून त्यांनी बशी खाली ठेवली.

"मंग मला आधी सांगायचं ना सूनबाई. मी चांगलं सांगितलं असतं. पोरगं हिऱ्यावानी हाय म्हनलो असतो."

"तात्या, ते कुठं आहेत ते तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक हाय की. ठाऊक हुतं म्हनून तर सांगितलं न्हाई. ठाऊक नसतं तर माझं काय जात हुतं?"

राजनंदिनी हसली नाही. ज्ञानू मात्र तात्यांच्या तोंडाकडं बघून खिदळली, कारण त्यांच्या मिशीला साय लागली होती.

दुसऱ्या दिवशी ती ज्ञानूला कडेवर आणि कागदांची पिशवी खांद्यावर घेऊन ठाण्यात गेली. रेशन कार्ड, लाईट बिल, पासपोर्टची झेरॉक्स, लग्नाचा फोटो. वाटेत रिक्षात बसल्या बसल्या तिनं भांडणाची सगळी तयारी केली होती. न पाहता असं कसं लिहिलंत? एका माणसाचं पोट तुमच्या एका ओळीवर आहे, हे कळत नाही का? पण ज्यांनी चौकशी केली ते हवालदार साळवे, चाळिशीचे, थकल्या चेहऱ्याचे, त्यांनी आधी ज्ञानूला बसायला स्टूल दिलं.

"ताई, मी माझ्या मनचं एक अक्षर लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मुलाची सख्खी आई सांगते संबंध नाही. तिच्यावर मी कोणाला विचारायचं होतं?"

"त्या घाबरल्या होत्या."

"घाबरल्यासारख्या वाटल्या नाहीत. मलाच घाबरवलं त्यांनी. कुत्रं सोडते म्हणाल्या."

"आमच्याकडं कुत्रं नाहीये."

"ते मला काय माहीत."

राजनंदिनीनं लग्नाचा फोटो टेबलावर ठेवला. फोटोत झुंबरबाई मुलाच्या शेजारी नव्या लुगड्यात उभ्या होत्या. साळव्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"आता त्या खरं सांगतील," ती म्हणाली.

"तेव्हा खोटं सांगितलं का आता सांगतील, हे मी कशावरून ठरवू? वरच्यांनी उद्या हाच प्रश्न मला केला तर?" त्यांनी फोटो परत दिला. "माझ्या हातातून रिपोर्ट गेलाय. फेरचौकशीचा आदेश नगरहून आला पाहिजे. तो आला की त्याच दोघांनी माझ्यासमोर जबाब द्यायचा, मागच्या वेळी चुकीचं सांगितलं म्हणून. लगेच रिपोर्ट पाठवतो. माझा शब्द."

चिडायला तिला माणूस हवा होता आणि हा माणूस चिडण्यासारखं काही बोलत नव्हता. ती पिशवी उचलून बाहेर आली आणि झाडाखाली उभी राहून उगाचच ज्ञानूवर खेकसली, चप्पल नीट घाल म्हणून.

मग नगरच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटे दोन्ही गाईंच्या धारा काढायच्या, दूध डेअरीवर घालायचं, ज्ञानूला अर्धवट झोपेत उचलायचं आणि एसटी गाठायची. जिल्ह्याच्या त्या ऑफिसात पहिल्या टेबलावरचा माणूस म्हणाला, अर्जदार स्वतः कुठंय? परदेशात आहे म्हटल्यावर म्हणाला, मग दूतावासाकडून पत्र आणा. रविराजनं दूतावासाला फोन केला, तर ते म्हणाले, आम्ही पत्र देत नाही, जिल्ह्यानं आपणहून कळवायचं असतं. तिनं ते येऊन सांगितलं, तर त्या टेबलावर दुसराच माणूस बसलेला. त्यानं सगळं पहिल्यापासून विचारलं. तिनंही सगळं पहिल्यापासून सांगितलं. सासूबाईंनी असं का सांगितलं, इथं आल्यावर प्रत्येक वेळी समोरचा हसायचा. आजूबाजूच्या टेबलांना बोलावून ऐकवायचा. ऐका, आईच म्हणते पोरगा आमचा नाही. तीसुद्धा कसनुसं हसायची, कारण न हसून कागद पुढं सरकणार नव्हता.

परतीच्या एसटीत ज्ञानू मांडीवर घामेजून झोपलेली असायची आणि राजनंदिनी मोबाईलवर नवऱ्याच्या अर्जाचं पान उघडून बघायची. पान तेच. प्रलंबित. बोटानं खाली ओढून सोडलं की एक चक्र फिरायचं आणि पुन्हा तेच. स्टँडवर उतरेपर्यंत तिचा अंगठा हेच करत राहायचा.

"आज काय झालं?" रविराज विचारायचा.

"साहेब मीटिंगला होते."

"तू जरा जोर लावून बोलत जा ना."

"मी जोर लावून बोलू? इथं येऊन बघा. पोरगी कडेवर, पिशवी खांद्यावर, आणि लोकांना गोष्ट सांगून हसवायचं काम माझ्याकडं. तुम्ही नुसतं भात शिजवताय तिकडं."

बोलल्या बोलल्या तिला वाईट वाटायचं.  बसून बसून माझी हाडं दुखायला लागलीत, एवढंच तो एकदा म्हणाला. नव्या गोठ्यावर तो रोज चालत जाऊन येत होता. कामाला हात लावायची बंदी, म्हणून कुंपणाबाहेर उभं राहून गाभण गाई बघायचा. मालकानं त्याला हात केला की यानंही करायचा.

शेवटी एकदाचा आदेश आला. साळव्यांचा फोन आला, सोमवारी दोघांना ठाण्यात घेऊन या, जबाब घेतो, काम संपलं. राजनंदिनीनं फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. आता काय राहिलं होतं? दोन म्हाताऱ्या माणसांनी खरं बोलायचं एवढंच.

गहिनीनाथ तात्या आधी फिरले. "लिहून द्यायचं म्हंजी? मी खोटं बोललो आसं माझ्या सहीनं? मंग मलाच आत घेत्याल की. सूनबाई, म्हातारपनी नको गं बाई."

झुंबरबाईंनी तर पुढं काही ऐकूनच घेतलं नाही. "मी ती पायरी चढनार न्हाई," त्या म्हणाल्या आणि चुलीपुढं जाऊन बसल्या.

"आत्याबाई, दोन मिनिटांचं काम आहे."

"त्येंनापन दोन प्रश्नच इचारायचे हुते."

"ते वेगळं होतं. साळवे चांगला माणूस आहे."

"असंल. त्याच्या घरी असंल."

रविवारपर्यंत राजनंदिनीनं विनवून पाहिलं, समजावून पाहिलं, रविराजला फोनवर बोलायला लावलं. आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, कानाला थंडी लागती का रं तिकडं. रविवारी ज्ञानूला ताप भरला. पोरगी अंगाखांद्यावरून उतरेना, दूध नासलं, गाईनं बादलीला लाथ मारली. त्या सगळ्या धबडग्यात राजनंदिनीचा तोल गेला.

"मला एक सांगा, तुम्हाला खरंच भीती वाटते का?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी तो नेहमीचा राहिला नव्हता. "का तुम्हाला ते परत यायलाच हवेत? व्हिसा नाही मिळाला की झक मारत येतील. म्हणून पाय उचलत नाहीत तुमचे."

झुंबरबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले. तव्यावरच्या भाकरीला करपल्याचा वास सुटला, तरी त्यांनी ती उलटली नाही.

"पोरीला घे," त्या म्हणाल्या. "कन्हती हाय."

त्या जेवल्या नाहीत. राजनंदिनीही जेवली नाही. ज्ञानूच्या कपाळावर ओली घडी बदलत बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, आपण बोललो ते आपल्या मनात आलं कुठून? कारण तिच्याही मनात ते कधीतरी येऊन गेलं होतं. एखाद्या फेरीत एसटीच्या खिडकीशी बसून तिनं स्वतःला म्हटलं होतं, सोड हे सगळं. काही करू नको. आपोआप येईल तो घरी. पण मग तिला तो ओट्यावर बसलेला दिसायचा, मधूनच परत आलेला, कोणी काही विचारलं की खाली बघणारा. आणि खरं सांगायचं तर तिलाच जायचं होतं. ते कुठलं कोण गाव, त्याचं नावही तिला धड घेता येत नव्हतं, पण तिथल्या एका खोलीत तिघं झोपतील एवढं तिला हवं होतं. हे तिनं सासूबाईंना उघड कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पण दोन खोल्यांच्या घरात स्पीकरवरचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही?

सोमवारी सकाळी तिनं साळव्यांना फोन केला. येणं होत नाही, दोघंही पाय उचलत नाहीत, म्हणून सांगितलं.

साळवे म्हणाले, "मी येतो वस्तीवर. तिथंच घेतो जबाब. पण ताई, खाकीतच येईन. ड्युटीवर असतो मी."

ते आले. ओट्यावर खुर्ची टाकली होती. ठाण्यात जायचं नाही म्हटल्यावर तात्या आधीच धुतलेली टोपी घालून हजर होते आणि विचारायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"पोरगा म्हंजी साहेब, सुपारीचं खांडबी तोंडात न्हाई. मोठ्यांपुढं नजर वर न्हाई. उभ्या तालुक्यात असा पोरगा घावायचा न्हाई."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, भांडून गेला."

"भांडला हुताच की. माझ्याशीच. बांधावरनं." तात्यांनी घाम पुसला. "मंग मिटलं."

साळव्यांनी मान खाली घालून लिहिलं. हसू आलं असेल तर ते मिशीत राहिलं. तात्यांची सही झाली आणि ते लांब लिंबाखाली जाऊन उभे राहिले, कोणी बोलावलं तर ऐकू येणार नाही इतक्या लांब.

झुंबरबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, नजर साळव्यांच्या बुटांवर.

"आजी, रविराज तुवर तुमचे कोण?"

 ज्ञानू, ताप उतरून नुकतीच जरा हसरी झालेली, खुर्चीशी जाऊन साळव्यांच्या मांडीवरच्या टोपीला हात लावत होती. राजनंदिनीनं तिला मागं ओढलं नाही. आपण हललो तर काहीतरी मोडेल असं तिला वाटत होतं. बोलू नये म्हणून तिनं गालाचा आतला भाग दातात धरला. झुंबरबाईंनी एक पाऊल मागं घेतलं. आता त्या आत वळणार आणि सगळं संपणार, असं राजनंदिनीला स्पष्ट दिसलं.

"मुलगा," झुंबरबाई म्हणाल्या.

"कुठं असतो?"

"न्यूझीलंडला. गाईंच्या धारा काढतो. मशीननं."

"मग मागच्या वेळी संबंध नाही असं का सांगितलंत?"

"मला वाटलं, तुमी त्याला न्यायला आलाव." त्यांनी पदर आणखी पुढं ओढला. "त्याच्या बापाला न्येलं हुतं. ताटावरनं."

साळव्यांनी हे लिहिलं नाही. त्यांनी पान उलटलं. मग घसा साफ करून म्हणाले, "घरात सध्या कोण कोण राहतं? तेवढं लिहावं लागतं."

"आता तिघी. मी, सून, नात." झुंबरबाईंनी ज्ञानूकडं पाहिलं. पोरगी टोपी डोक्यावर चढवायच्या खटपटीत होती. "तुमचा कागद गेला का मंग मी."

"म्हणजे?"

"त्याचं काम झालं का ह्या दोघी जानार त्याच्याकडं. मंग मी एकली." पहिल्यांदाच त्यांनी नजर वर करून साळव्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "खरं लिवायचं म्हनता ना? मंग समदं लिवा."

साळव्यांनी काय लिहिलं ते राजनंदिनीनं पाहिलं नाही. सही करायला झुंबरबाई खाली बसल्या. त्यांना वेळ लागला, एकेक अक्षर शेतात नांगर धरल्यासारखं दाबून त्यांनी काढलं. मग उठल्या, आत गेल्या आणि साळव्यांसाठी चहा घेऊन आल्या. साळव्यांनी उभ्यानं चहा घेतला, पोरीच्या डोक्यावरची टोपी हळूच काढून घेतली आणि मोटरसायकल चालू केली.

धूळ खाली बसेपर्यंत राजनंदिनी ओट्यावरच उभी होती. इतके दिवस साठवलेला राग तिच्याजवळ होता, पण तो ठेवायला आता जागा नव्हती. ती आत आली.

"आत्याबाई, मी काल बोलले ते..."

"कप उचल तेवढा," झुंबरबाई म्हणाल्या. "माश्या बसत्यात."

साळव्यांनी शब्द पाळला, तरी व्हिसा काही लगेच आला नाही. दाखला पुण्याहून निघाला, दूतावासात थांबला, तिकडच्या ऑफिसात पुन्हा रांगेत लागला. जुलै उजाडला. रविराजनं कुंपणापलीकडं पहिली गाय व्यालेली पाहिली, मग दुसरी, मग रोज. मालकानं आता हात करणं सोडलं होतं. दुसऱ्या माणसाशी बोलणं चालू आहे, असं त्यानं एकदा खाली मान घालून सांगितलं. त्या दिवसांत नवरा-बायको फोनवर एकमेकांशी नीट बोललीच नाहीत. एकानं विचारायचं, आज काही? दुसऱ्यानं म्हणायचं, काही नाही.

आणि एका सकाळी फोन आला तो रबरी बुटांच्या चिखलातून चालण्याच्या आवाजासकटच. रविराज गोठ्यात होता. अंगावर हिरवा प्लास्टिकचा झगा, मागं गाईंची रांग.

"सकाळी मेल आला," तो म्हणाला. "मालक म्हणाला, बूट घाल आणि ये. जेवायलापण सोडलं नाही अजून." तो हसत होता, पण डोळ्यांच्या कडा लाल होत्या. "तुमच्या दोघींचे कागद याच महिन्यात टाकू. आई कुठंय? आईला दे."

झुंबरबाईंनी फोन दोन्ही हातांनी लांब धरला. त्यांनी मुलाकडं पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं.

"लई गाई हायत रं."

"लई हायेत आई. आज एवढ्या व्याल्या, मोजायला फुरसत न्हाई."

"वासरं कुटं हायत मंग? एकबी दिसंना."

"ती तिकडं, वेगळ्या शेडमध्ये. हितं तसंच करत्यात. पहिला दिवस झाला का वासरू काढून न्यायचं. मी बाटलीनं पाजतो त्येंना."

झुंबरबाई पडद्यात बघत राहिल्या. पलीकडून कुठूनतरी एक लांबट हंबरणं आलं आणि वाऱ्यात गेलं.

"हंबरत असत्याल," त्या म्हणाल्या.

"हंबरत्यात. थोडे दिस. मंग गप होत्यात."

"कोन? वासरं का गाई?"

 राजनंदिनी दारात उभी होती, ज्ञानूचा हात धरून. तिनं फोन घ्यायला हात पुढं केला नाही.

"वासरं लवकर गप होत्यात," रविराज म्हणाला.

"व्हय," झुंबरबाई म्हणाल्या. "जा आता. धारा तुंबवू नको जनावरांच्या." आणि त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला.